घरात मिरची-टोमॅटो : ऊन न येणाऱ्या खोलीतला हिवाळा

माचीवरची | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे बरीच वर्षं वाचते आहे, स्वतः पहिल्यांदाच काढते आहे.

आमचं घर साताऱ्यात माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. जुनं कौलारू, दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. किल्ला शहराच्या दक्षिणेला आणि हिवाळ्यात सूर्यही दक्षिणेकडेच कललेला. त्यामुळे दिवाळी झाली की आमच्या आळीत सकाळचं ऊन उशिरा उतरतं आणि दुपार कलली की डोंगराआड जातं. त्यात गेल्या वर्षी दक्षिणेच्या अंगाला तीन मजली इमारत उभी राहिली. नेमकी त्याच बाजूला आईची परसबाग होती. आता अंगणात उन्हाचा एक चौकोनी तुकडा तेवढा येतो, साधारण दीड तास. मधल्या खोलीत तर दिवसाही दिवा लागतो.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा मुक्काम मधल्या खोलीतच असतो. चाळीस वर्षं तिनं घरची मिरची खर्ड्याला वापरली आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी सहा कुंड्या तिच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी ठेवल्या. मिरचीची रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी झाली. टोमॅटोला फुलं आली आणि एकूण एक देठासकट गळली. आई रोज सकाळी जमिनीवर पडलेली फुलं वेचून कुंडीच्या कडेला ठेवायची. ते मला फार लागलं.

यंदा गणपतीनंतर पुन्हा बी टाकलं आहे. पुसा ज्वाला मिरची, थोडी ढबू आणि छोटे चेरी टोमॅटो. रोपं सहा-सात पानांवर आहेत आणि पुन्हा लांबायला लागली आहेत. थंडीमुळे होतंय का? खोलीत हीटर लावू का? जाणकारांनी सांगा.

---

निवांत_वाचक | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४४

छान विषय. माझ्याकडे पुण्यात पहिल्या मजल्यावर हीच अडचण आहे. वाचतो आहे.

---

पलूसचा_बागायतदार | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ताई, आधी एक करा. साधा थर्मामीटर आणून खोलीत टांगा, आणि पहाटे पाच वाजता पारा किती असतो ते चार दिवस लिहा. थंडी आहे का नाही ते अंगावर घेतलेल्या गोधडीवरून ठरवायचं नाही.

आमचं द्राक्षाचं रान आहे, पण बांधाला टोमॅटो-मिरची कायम असते. टोमॅटोला रात्री १५ ते २० अंश मिळाले की फळ चांगलं धरतं. १२-१३ च्या खाली गेलं की फुलातला पराग नीट होत नाही. मिरची त्याहून नाजूक. रात्री १५ च्या खाली जात राहिलं तर फुलं टाकते, नाहीतर बिनबियांची वेडीवाकडी फळं देते. पण तुमच्या दीड हाताच्या भिंतीत एवढा गारठा शिरत असेल असं मला वाटत नाही.

---

कराडची_लेक | १० नोव्हेंबर, सकाळी ११:०५

माचीवरची, तुमचा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझं माहेर कराडचं, गेली अकरा वर्षं हेलसिंकीत आहे. इथे डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो, आणि तोही बहुतेक ढगाळ. तरी माझ्या स्वयंपाकघरात मिरच्या आहेत. म्हणून अधिकारानं सांगते, हीटर आणू नका. तुमच्या रोपांना थंडी वाजत नाहीये, ती उपाशी आहेत. त्यांचं अन्न प्रकाश आहे.

रोप लांब का होतं? सावलीत पडलेलं झाड आपली सगळी शिल्लक उंचीवर खर्च करतं, वर कुठे ऊन असेल तर गाठावं म्हणून. अशा वेळी खोली गरम केली तर ते आणखी वेगानं लांबतं. कमी प्रकाशात थोडा गारवाच बरा. पहिल्या हिवाळ्यात मी नेमकं उलट केलं होतं. कुंड्या रेडिएटरवर ठेवल्या. पंधरा दिवसांत सगळी रोपं गेली.

आपल्या डोळ्यांवर विसंबू नका. खोलीतला अंधार आणि बाहेरचं ऊन यांतला फरक डोळा जुळवून घेतो, पानाला तसं जमत नाही. उजेड लक्स या मापात मोजतात. भर दुपारी उघड्यावर ८०,००० ते १,००,००० लक्स प्रकाश असतो. ऊन न येणाऱ्या खिडकीशी हजार-दोन हजार. खोलीच्या मध्यावर शंभर-दोनशे. मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप घ्या. ते अगदी काटेकोर नसतं, पण हजार आणि दहा हजार यांतला फरक नक्की कळतो. पानाच्या उंचीवर फोन धरून मोजा आणि आकडा इथे लिहा.

---

माचीवरची | १४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मोजलं.

पहाटे पाचला खोलीत १८, १८, १७, १७. बाहेर अंगणात १३ ते ११. दादा, तुमचं बरोबर आहे, भिंती ऊब धरून ठेवतात.

प्रकाश मात्र वाचून मीच गप्प झाले. खिडकीशी सकाळी दहाला ९००. आईच्या पलंगापाशी १२०. अंगणातल्या उन्हाच्या तुकड्यात ७०,००० च्या वर. म्हणजे मी वर्षभर झाडांना उपाशी ठेवून वर पाणी घालत होते.

---

जावळीखोरे | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मंडईत मिरची मिळते, टोमॅटोही मिळतात. दिवे, वीजबिल, एवढा खटाटोप दोन वाट्या टोमॅटोसाठी? त्यापेक्षा खोलीत पुदिना लावा, कमी उजेडात तग धरतो.

---

माचीवरची | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

राग नाही. पुदिना लावलेला आहेच. पण आई पलंगावरून उठून काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते ती मिरचीला फूल आलं का बघायला. फिजिओथेरपीवाले रोज दहा पावलं चाला म्हणतात, तिला ते नको असतं. झाडापाशी जायचं म्हटलं की ती चौदा चालते. मला ही झाडं हवीच आहेत.

---

जावळीखोरे | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५८

कळलं ताई. मग करायचंच. लाकडी मांडणी करायची असेल तर सांगा, मी सुतारकाम करतो. मापं इथेच देतो.

---

कराडची_लेक | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आता दिव्यांचं. जांभळ्या उजेडाचे 'ग्रो लाईट' घेण्याची गरज नाही. त्या उजेडात पान पिवळं पडलं की काळं, तेही कळत नाही, आणि आईंच्या डोळ्यांना त्रास वेगळाच. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब घ्या, चार फुटी, २० वॅटच्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद टेबलावर अशा चार ट्यूब शेजारी-शेजारी लावल्या आणि त्या रोपांच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर असल्या की ९-१० हजार लक्स मिळतात. छताला लावलेली ट्यूब झाडाच्या कामाची नाही, प्रकाश अंतरानं पसरून विरळ होतो. ट्यूब साखळीला टांगा, म्हणजे रोप वाढेल तशी वर घेता येते. दोन्ही बाजूंना आणि मागे पांढरा थर्मोकोल उभा करा. चुन्यानं पांढरी केलेली भिंतही चालते.

किती तास, याचा हिशोब असा. झाडावर दिवसभरात एकूण किती प्रकाश पडला ते मोल या मापात मोजतात. १०,००० लक्स पांढरा एलईडी १४ तास म्हणजे साधारण ७ मोल. रोपांना १० च्या आसपास मिळाले की ती ठेंगणी, जाड देठाची होतात. फळावर आलेल्या टोमॅटोला २० च्या पुढे लागतात, मिरची त्याहून थोड्या कमीत भागवते. चेरी टोमॅटो निवडलात ते फार चांगलं केलंत. मोठ्या फळाचा टोमॅटो एवढ्यात पोसला जाणार नाही.

---

निवांत_वाचक | १५ नोव्हेंबर, दुपारी २:००

मग २४ तास चालू ठेवले तर?

---

कराडची_लेक | १५ नोव्हेंबर, दुपारी २:४०

नको! टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही. पानं पिवळी पडतात, डाग येतात, वाढ थांबते. रोज निदान ६ ते ८ तास पूर्ण अंधार हवाच.

---

शेवंतीवाला | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

एक शंका. आम्ही शेवंतीला रात्री बल्ब लावतो, ते फूल लांबवण्यासाठी. शेवंतीला रात्र मोठी झाली तरच कळी येते, मध्ये उजेड दिला की ती नुसती वाढत राहते. मग यांच्या टोमॅटोला १४-१६ तास उजेड दिल्यावर फूल येईल का?

---

पलूसचा_बागायतदार | १५ नोव्हेंबर, रात्री ८:००

शेवंती आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी लहान दिवसावर फुलणारी. टोमॅटो-मिरचीला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही. ठरावीक पानं झाली आणि अंगात ताकद असली की फूल येतं. म्हणून तर आपल्याकडं तिन्ही हंगामात लावतात. बिनधास्त १६ तास द्या.

---

माचीवरची | २३ नोव्हेंबर, रात्री १०:००

मांडणी झाली. जावळीखोरे दादांनी मापं दिली, आमच्या आळीतल्या सुतारानं चार तासांत बनवून दिली. सहा ट्यूब लावल्या, थर्मोकोल लावला. पानावर १५,००० लक्स येतात. सकाळी सहाला सुरू, रात्री दहाला बंद, टायमर लावला आहे. १२० वॅट, १६ तास म्हणजे रोज दोन युनिटांना थोडं कमी, महिन्याचे ५८ युनिट. हिशोब लिहिते आहे म्हणजे कुणाला करायचं असेल तर आधी कळेल.

लांबलेली टोमॅटोची रोपं मोठ्या कुंडीत हलवताना खालची पानं काढून देठ अर्ध्यापर्यंत मातीत पुरलं. देठावर बारीक गाठी होत्या, तिथून मुळं फुटतात असं आई म्हणाली. मिरचीला तसं केलं नाही, तिचं देठ पुरून फारसा फायदा होत नाही, उलट कुजण्याची भीती.

---

कराडची_लेक | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

आईंना माझा नमस्कार सांगा, अगदी बरोबर बोलल्या.

आणि एक गोष्ट काल रात्री लक्षात आली. तुमच्या सहा ट्यूब सोळा तासांत १२-१३ मोल देतात. तुमच्या अंगणात दीड तास ऊन येतं, ७०,००० लक्सचं. त्या दीड तासाचे होतात ६-७ मोल! तुमच्या ट्यूबांचा अर्धा दिवस त्या उन्हाच्या तुकड्यात आहे. इथे माझ्याकडे असा तुकडा असता तर मी कुंड्या डोक्यावर घेऊन गेले असते. चाकांच्या पाटावर कुंड्या ठेवा आणि रोज तेवढा वेळ बाहेर काढा. दोन्ही मिळून वीसच्या जवळ जाल.

एकदम दीड तास मात्र नको. घरात वाढलेलं पान उन्हात पांढरं पडून करपतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग रोज थोडं वाढवा.

---

माचीवरची | २ डिसेंबर, रात्री ९:२०

आता हे काम आईनं घेतलं आहे. ती ओसरीवर खुर्ची टाकून बसते. उन्हाचा तुकडा रोज सरकतो, तर तिनं फरशीवर खडूनं त्याच्या कडा आखायला लावल्या आणि कॅलेंडरवर वेळा लिहिते. 'आज १०:५५ ला आलं, १२:२० ला गेलं.' डिसेंबर पुढे सरकतोय तसा तुकडा आकसतोय. मी कामावर असताना शेजारची मुलगी पाट ढकलते, आई सूचना देते.

मिरचीची पानं गडद झाली, पेरांमधलं अंतर निम्मं झालं. टोमॅटोला पहिला गुच्छ फुलला आहे. मला मात्र धाकधूक आहे. गेल्या वर्षीही फुलं इथपर्यंत आली होती.

---

पलूसचा_बागायतदार | ३ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, नीट वाचा, हेच मोक्याचं आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण पराग बंद नळीत असतो, टोकाच्या बारीक भोकातून हलवल्याशिवाय खाली पडत नाही. रानात वारा हलवतो, आणि भुंगे फुलाला लटकून अंग थरथरवतात. मधमाशीला ती थरथर जमत नाही. तुमच्या खोलीत वारा नाही, भुंगा नाही. मग फूल वाट बघून गळणार.

दुपारी ११ ते १ च्या दरम्यान, पराग कोरडा असताना, गुच्छाच्या देठाला मागून हलक्या टिचक्या मारा. रोज. फुलाला हात लावायचा नाही. बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश असेल तर त्याची पाठ देठाला दोन सेकंद टेकवा. मिरचीला झाड हलवलं तरी पुरतं. आणि टेबल फॅन अगदी हळू लावून ठेवा, देठंही कणखर होतात.

---

कराडची_लेक | ३ डिसेंबर, दुपारी १:००

पूर्ण सहमत. युरोपातल्या काचगृहांत पूर्वी माणसं थरथरणारी काठी घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी बेल्जियम-नेदरलँड्समध्ये मोठ्या केसाळ भुंग्यांच्या पेट्या ठेवायला लागले, तेव्हा ते काम सुटलं.

---

लिंगमळा | १२ डिसेंबर, सकाळी ८:०५

महाबळेश्वरहून. वेण्णा तलावाकडे आज दवबिंदू गोठले होते. आमच्या दारातली टोमॅटोची दोन झाडं सकाळी उकडल्यासारखी काळपट झाली. या आठवड्यात कुणीही कुंड्या रात्री बाहेर विसरू नका. मिरचीसुद्धा. दहाच्या खाली ती कोलमडली नाही तरी महिनाभर रुसून बसते.

---

माचीवरची | १३ डिसेंबर, रात्री ९:००

आमच्याकडे काल बाहेर पहाटे ९ होतं, खोलीत १६. कुंड्या आतच होत्या.

दुसरी अडचण आली आहे. ढबूची शेंड्याची पानं आखडून खाली वळली आहेत, चुरडल्यासारखी. दोन ज्वालांवरही सुरुवात आहे.

---

पलूसचा_बागायतदार | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

पान वर वाटीसारखं वळलंय का खाली? वर असेल तर फुलकिडे, खाली वळून लांबट झालं असेल तर कोळी. चुरडामुरडा म्हणून सगळ्याला एकच औषध मारू नका. भिंग घेऊन पानाच्या पाठीमागं बघा.

---

माचीवरची | १४ डिसेंबर, सकाळी १०:१५

खाली वळलं आहे. आईनं तिचं पोथी वाचायचं भिंग घेऊन पाहिलं. बारीक पिवळसर ठिपके, हलतात.

---

पलूसचा_बागायतदार | १४ डिसेंबर, सकाळी १०:४०

पिवळा कोळीच. लई चुरडलेले शेंडे खुडून जाळून टाका. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब पातळ साबण, नीट घुसळून पानाच्या पाठीमागून फवारा. रात्री ट्यूब बंद झाल्यावर, उजेडात मारलं तर पान करपतं. पाच दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा एकदा. आजारी कुंडी वेगळ्या खोलीत.

आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू मळत असेल तर झाडाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायला सांगा. तंबाखूवरचा विषाणू हातावरून टोमॅटो-मिरचीला जातो, आणि त्याला औषध नाही. झाड उपटावंच लागतं.

---

माचीवरची | १४ डिसेंबर, सकाळी ११:००

हे माहीतच नव्हतं. पाट ढकलायला येणाऱ्या मुलीची आजी मिश्री लावते, ती रोज येऊन पानं चाचपते! आजपासून दाराशी साबण ठेवला.

---

निवांत_वाचक | २६ डिसेंबर, सायंकाळी ६:००

ताई, पाणी आणि खत किती देता? माझी कुंडी वरून सुकी दिसते म्हणून रोज घालतो, पानं पिवळी पडताहेत.

---

माचीवरची | २६ डिसेंबर, रात्री ८:४५

रोज नका घालू. थंडीत माती वरून वाळते आणि खाली चिखल असतो, मुळं गुदमरतात. मी कुंडी उचलून बघते. हलकी लागली तरच पाणी, तेही खालून वाहेपर्यंत एकदाच. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी पाळी येते. कोकोपीट, गांडूळखत आणि गाळलेली माती सारखी घेतली आहे. फूल येईपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. आता १३:०:४५ (पालाश जास्त असलेलं) तेवढंच. मध्ये एकदा कॅल्शियम नायट्रेट, पण वेगळ्या दिवशी. एका टोमॅटोच्या बुडाला काळा डाग आला होता, तो कॅल्शियमपेक्षा माझ्या पाण्याच्या अनियमितपणामुळे होता. दोन दिवस गावाला गेले होते, कुंडी कडक वाळली आणि आल्यावर भरपूर घातलं.

आणि हो, तेवढ्यावरून कळलं असेल. टोमॅटो धरले आहेत! पहिल्या गुच्छात अकरा फुलं, सात फळं. टिचक्या आई मारते, साडेअकराला, जेवणाआधी.

---

कराडची_लेक | २६ डिसेंबर, रात्री ९:१०

सात! इथे बाहेर साडेतीनपासून काळोख आहे आणि मी हे वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसते आहे.

---

माचीवरची | १९ जानेवारी, रात्री ९:३५

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहिले चार टोमॅटो पिकले. मिरचीच्या तीन झाडांवर मिळून एकवीस मिरच्या निघाल्या. ढबूचं एक झाड कोळ्यात गेलं, दुसऱ्यावर लिंबाएवढं एक फळ आहे. ढबूला माझ्या सहा ट्यूब कमी पडतात असं आता स्पष्ट दिसतंय. पुढच्या वर्षी ती लावणार नाही, त्या जागी आणखी दोन ज्वाला.

आज आईनं तव्यावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजून स्वतः खर्डा केला. उभं राहून, सात-आठ मिनिटं. वरवंट्याऐवजी तांब्याच्या बुडानं रगडला, पूर्वी करायची तसाच. भाकरीबरोबर खाताना म्हणाली, तिखट कमी आहे, उन्हाचं तिखट वेगळं असतं.

---

पलूसचा_बागायतदार | २० जानेवारी, सकाळी ६:१५

आईसाहेबांचं खरं आहे. ज्वालाला ऊन आणि थोडा पाण्याचा ताण बसला की तिखट चढतं. फळ भरल्यावर पाणी दोन दिवस लांबवून बघा, पान किंचित मलूल होईपर्यंत, त्याहून जास्त नाही. टोमॅटोला मात्र ताण देऊ नका, फळं तडकतील.

---

जावळीखोरे | २० जानेवारी, सकाळी ९:००

ताई, मांडणीची उंची पुरते का? टोमॅटो ट्यूबला लागत असेल तर आणखी दीड फुटाचे पाय जोडता येतील. काढताना चारी खिळे उलट्या बाजूनं ठोका, लाकूड चिरणार नाही.

---

माचीवरची | २० जानेवारी, रात्री ८:२०

लागतोय दादा, शेंडा कालच ट्यूबला टेकला. रविवारी पाय जोडून घेते.

आईच्या कॅलेंडरवर आजची नोंद १०:४० ते १२:२५ अशी आहे. ऊन वाढतंय. मिरचीची झाडं फेब्रुवारीत वीतभर ठेवून छाटायची आणि कुंड्या अंगणात न्यायच्या असं तिनं ठरवलं आहे. मिरची दोन-तीन वर्षं धरते, उपटायची नाही, असं म्हणते. टोमॅटोचं बी धरायला दोन फळं झाडावरच सोडली आहेत.